अर्धा रस्ता
"दोन्ही सुनांचा मान सारखा," म्हणत माझे सासरे प्रत्येक सहलीत अर्धा रस्ता आमच्या गाडीत बसायचे, उरलेला धाकट्या दिराच्या. उन्हाळ्यात बेटावरच्या कॉटेजला निघालो, तेव्हाही तसंच ठरलं. बेटाचा रस्ता समुद्रातूनच जातो आणि भरतीला बुडतो. मध्यावर आम्ही अदलाबदलीसाठी थांबलो. बाबा काठी सीटवर टाकून खडकाआड लघवीला गेले, आम्ही फोटो काढत बसलो. तेवढ्यात पहिली लाट टायरला लागली, नवरा ओरडला, "बसा, बसा, पाणी चढतंय!" आणि दोन्ही गाड्या सुसाट निघाल्या. कॉटेजसमोर मी काठी घेऊन जावेच्या गाडीचं दार उघडलं. आत नुसत्या उशा होत्या. "बाबा कुठायत गं?" जाऊ हसली. "थट्टा पुरे, ताई. काठी तुमच्या सीटवर दिसली, म्हटलं, या खेपेला बाबा तिकडेच रमले." मी वळून पाहिलं. हातात काठी होती, रस्ताच नव्हता.