मानाची जागा

करंजाड्यातल्या एका इंग्रजी शाळेच्या मुलांनी गॅदरिंगला म्हटलेलं आगरी बोलीतलं हळदीचं गाणं मोबाइलवर गाजलं, आणि एका म्युझिक कंपनीने ते रेकॉर्ड करायचं ठरवलं. त्या बोलीला आयुष्यभर ‘गावठी’ म्हणून नाक मुरडणाऱ्या मुख्याध्यापिका रंजिता मॅडम जातीने स्टुडिओत हजर झाल्या. गाण्यात आपलं नाव यायलाच हवं, हा त्यांचा हट्ट.

गाणं मुलांकडून बसवून घेणाऱ्या भामाबाईंनी हात जोडले. लग्नघरी हळदीची गाणी म्हणण्यात त्यांची हयात गेली होती.

“नाव घालायची जागा एकच हाय मॅडम. पन तितं तुमचं नको.”

“का? गावठी गाण्याला माझं नाव जड होतंय?”

“तसं नाय. त्या कडव्याचा अर्थ...”

“अर्थ राहू द्या, भामाबाई. ही भाषा कळते कुणाला?”

महिन्याभरात गाणं चार्टवर पहिलं आलं. पनवेलच्या सत्कारात मुलांनी ‘रंजिता’ म्हणताच टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतल्या गावच्या बायका तर तोंडाला पदर लावून डोळे पुसत होत्या. मॅडम धन्य झाल्या.

“बघा, रडतायत बिचाऱ्या,” त्या शेजारच्या भामाबाईंना म्हणाल्या. “एरवी या मानाच्या जागी कुणाचं नाव घेता हो तुम्ही?”

 

“विहिणीचं, मॅडम. नाव घेतो, आन मंग अख्खा गाव तिची टर उडवतो.”