लांब सुट्टी

स्वयंपाकघरात वाटी खणकन पडली, तशी केतकी भानावर आली. लॅपटॉपवर रेड्डी सर तिच्या उत्तरासाठी खोळंबले होते.

“कंपनीच्या खर्चानं एम.टेक.ला सगळ्या हैदराबाद ऑफिसातून एकालाच पाठवतोय, मॅडम. तुमच्या हुशारीबद्दल शंकाच नाही. पण पुढची दोन वर्षं मधेच लांब सुट्टी चालायची नाही. माणसांचं सगळं गणित कोलमडतं. जमेल ना?”

केतकी म्हणाली, “जमेल, सर.”

“मुबारक! मग सीट तुमचीच.”

तिनं लॅपटॉप मिटला, तर दारात ओवी उभी. लेकीनं सगळं ऐकलं होतं. ती हळूच जवळ आली, रोजच्यासारखा आईच्या पोटाला कान लावला आणि म्हणाली, “आई, तुला तर सुट्टीच नाही. मग बाळाला नक्को येऊ म्हणून सांगायचं?”