लाल बटण

"मोटर चालू-बंद करणाऱ्या या रिलेवर दहा अँपिअर छापलंय, कडबाकुट्टीची मोटर घेते पाच. कर सही," मालकांनी तपासणीचा कागद माझ्यापुढे सरकवला.

"ते दहा एसीचे, साहेब. एसी करंट क्षणाक्षणाला शून्यावर येतो, म्हणून बंद करताना रिलेत पडणारी ठिणगी विझते. ही मोटर बॅटरीच्या डीसीवर चालते. तिथे ठिणगी विझत नाही, रिलेचे पॉइंट चिकटतात."

"वीस वर्षं पॅनेल बनवतोय मी. तू शिकवणार मला?"

मी मशीन चालू केलं. "करा बंद."

त्यांनी लाल बटण दाबलं. रिलेत निळा जाळ झाला, पाती फिरतच राहिली. अंगठा पांढरा होईस्तोवर त्यांनी बटण दाबून धरलं. शेवटी मीच बॅटरीचा मेन स्विच पाडला.

"रिले खराब निघाला," ते म्हणाले. "असलाच दुसरा लाव."

"लावते. मग तुम्ही पात्यांपाशी हात धरून बटण दाबा. सही त्यानंतर."