उसाशाचं अक्षर

किशोरीचं एक वागणं मथुराबाईंना खुपत होतं. सून रांधायला सुगरण, कामाला वाघीण, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. पण परशुरामाचं ताट मांडलं की ती उसासा टाकायची. रोज. आणि त्या एकाच ताटाला. मागच्या खोल्यांत उतरलेल्या पर्यटकांना मात्र 'येवा, बसा' म्हणत हसून वाढायची. तिथे तिला दम लागत नसे.

परशुराम म्हणजे मथुराबाईंचा धाकटा दीर, बिनलग्नाचा. जन्मभर घरच्या हापूसच्या कलमांमागे राबला. गेल्या हंगामात कलमावरून पडला, खुबा मोडला, तेव्हापासून भिंत धरून चालतो. आता चार घास खायचा, 'पोट बरा नाय' म्हणायचा नि उरलेला भात मोत्यापुढे ओतायचा. कुत्रा गुबगुबीत झाला. परशुरामाच्या मनगटातलं तांब्याचं कडं कोपराकडे सरकू लागलं.

मथुराबाईंनी लेकाला, सत्यवानाला, सांगून बघितलं. तो हसला. "आये, दमता ती. आता श्वास सोडूचो तोय तुका इचारून सोडूचो?"

मथुराबाई म्हणजे दुसरीतून शाळा सुटलेली बाई. शिव्या हव्या तेवढ्या होत्या, पण जे कानांना ऐकू येत होतं त्याला नाव सापडत नव्हतं.

नात गौरजा पुण्याला जुनी चिनी भाषा शिकते. सुट्टीत घरी आली होती. त्या दिवशी जेवणवेळेला पडवीत मोबाइल कानाशी धरून एकच सूर घोळवत बसलेली. ज्ये. ज्वे. भरल्या घरात उसासे कसले टाकतेस, म्हणून मथुराबाईंनी तिला झापलं. तर ती म्हणाली, उसासाच आहे आजी, त्याचं अक्षर आहे. कागदावर काढून दाखवलं. डावीकडचा चौकोन म्हणजे तोंड. उच्चार दोन. दुःखाने निघतो तो उसासा, कौतुकाने निघतो तोही. आणि एखाद्याला हलकं लेखून 'ए, ये, जेव' अशी हाक मारतात ना, ती हाकही याच अक्षराने लिहितात. तसं बोलावून वाढलेल्या अन्नाला तिकडे वेगळं नावच आहे. मानी माणूस उपाशी मरेल, पण त्याला शिवणार नाही.

मथुराबाईंनी त्या चौकोनावर बोट ठेवलं.

"म्हणजे त्यांच्याकडेय सुना आसत तर," त्या म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

आत ताट मांडून झालं होतं. भात, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं. "काकानू, जेवा," किशोरी म्हणाली, आणि मागोमाग तो उसासा आला. भाताकडे निघालेला परशुरामाचा हात परत मांडीवर गेला.

मथुराबाईंनी ते भरलं ताट उचललं आणि न्हाणीपाशी, खरकट्या भांड्यांत नेऊन ठेवलं. तिखल्यावर अजून वाफ होती.

किशोरी पदराला हात पुसत मागे धावली. "आये, काकांनी हातपण लावूक नाय. उष्टा खंय आसा तां?"

गौरजा दारात येऊन उभी राहिली होती. मथुराबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. परशुरामाला ऐकू जाईल, पण मागच्या पाहुण्यांना जाणार नाही, अशा आवाजात त्यांनी सुनेला सांगितलं,

"उष्टा हातान होणा नाय, किशोरी, तोंडान होता. तुझा तोंड लागला तेका. आता दुसरा ताट घे, आणि त्या बाहेरच्यांका हाक मारतस ना, तशी हाक मारून वाढ."