आई-बाप ठाऊक नाहीत

पान शिवणीतून निम्मं सुटलेलं होतं. जरा ओढलं असतं तरी हातात आलं असतं.

डेल्फिना मेस्तासने दाराकडे पाहिलं. चर्चची दप्तरं सांभाळणाऱ्या ओतिलियाबाई शेजारच्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलत होत्या. दम्याचं औषध, मग जावयाची नोकरी, बोलणं लवकर संपण्यातलं नव्हतं. घड्याळात सव्वातीन झाले होते. चार वाजता वारसांची यादी बंद होणार होती.

डोंगरावरचं कुरण गावाच्या सामाईक मालकीचं. न्यू मेक्सिकोचा हा मुलूख मेक्सिकोच्या ताब्यात होता, तेव्हा सरकारने ते अकरा घरांना दिलेलं. त्यातलं एक घर व्हेंतुरा मेस्तासचं. त्या अकरांच्या रक्ताचा असेल त्यालाच वर मेंढ्या नेता येत. आजवर कुणी कुणाला पुरावा मागितला नव्हता. यंदा कुरण सांभाळणाऱ्या मंडळाचा चिटणीस एलॉय बुस्तोस भर सभेत म्हणाला, "गोष्टी काय, सगळ्यांच्याच आज्या सांगतात. कागद आणा." डेल्फिनाचे आपा, ऐंशीला टेकलेले ओनोफ्रे, हातात टोपी घेऊन उभे राहिले होते. "आम्ही व्हेंतुराचं रक्त आहोत. माझी पोरगी कागद आणेल."

पोरीने कागद आणले होते. आपा, त्यांचे वडील, आणि वडिलांचे वडील होसे अनास्तासिओ. अनास्तासिओच्या लग्नाच्या नोंदीत स्वच्छ लिहिलं होतं, 'व्हेंतुरा मेस्तासचा मुलगा'. शिक्का मारलेली नक्कल तिच्या पिशवीत होती. तेवढ्यावर भागलं असतं. पण एलॉयला बोट ठेवायला जागा नको, म्हणून तिने अनास्तासिओच्या बाप्तिस्म्याचं दप्तर मागितलं होतं. १८६४ सालचं.

तिने ती नोंद चौथ्यांदा वाचली.

'होसे अनास्तासिओ. वय अंदाजे पाच. नवाहो जमातीचा. व्हेंतुरा मेस्तास याने विकत घेतलेला. आई-बाप ठाऊक नाहीत.'

अमेरिकन फौज इथल्या मूळच्या नवाहोंशी लढत होती, त्या वर्षांत त्यांची पोरं धरून आणून विकत, हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं. पण ती गोष्ट नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी घरची असे.

उद्या एलॉय इथे येईल. हेच दप्तर उघडेल. चाळीस मेंढ्या खाली आणाव्या लागतील, आणि आपांना सभेत पुन्हा उभं राहावं लागेल. तिने पानाचा कोपरा चिमटीत धरला. दोन टाके तुटले. आवाज इतका बारीक होता, तरी तिने पुन्हा दाराकडे पाहिलं.

बाहेर गाडी थांबली. दार वाजलं. ओतिलियाबाई फोन ठेवून बोलल्या, "कोणतं साल म्हणालात? चौसष्ट? ते या बाईंनी घेतलंय. बसा त्यांच्यासमोर, त्यांचं होईलच."

साठीची एक बाई समोर येऊन बसली. गाडीतला लांबचा प्रवास तिच्या कपड्यांवर दिसत होता. गुडघे चोळत ती मेजावरच्या दप्तराकडे बघत राहिली.

डेल्फिनाने तळवा पानावर पसरला. "एलॉयने पाठवलं तुम्हाला?"

"कुणी?"

"मंडळाने. सरळ सांगा."

"मी कुठलं मंडळ ओळखत नाही, बाई. मी लूसिल. चार तास गाडी चालवून आलेय. माझ्या लोकांकडून." ती थांबली. "नवाहो आहे मी. हे तिसरं चर्च. तुमचं झालं की द्या, मला घाई नाही."

"शोधताय काय?"

"एक मुलगा. माझ्या पणजीचा पाठचा भाऊ. चौसष्टच्या त्या हिवाळ्यात घोडेस्वारांनी उचलून नेला. पाच वर्षांचा होता. त्याची आई पायी माग काढत आली, नदीपर्यंत. पुढे बर्फ होता." लूसिल हे सगळं पुष्कळदा सांगून झिजलेल्या आवाजात सांगत होती. "पणजीने आजीला सांगितलं, आजीने आईला. आई गेली मागच्या वर्षी. जाताना म्हणाली, आता तू बघ."

डेल्फिनाचा हात हलला नाही.

"सापडला तर काय करणार? काही मागणार?"

"कुणाकडे मागायचं? दीडशे वर्षं होत आली."

डेल्फिनाने हात उचलला. दप्तर फिरवून समोर सरकवलं आणि नोंदीखाली बोट ठेवलं. "हे माझ्या आपांचे आजोबा." लूसिलने चष्मा लावून हळूहळू वाचलं. 'आई-बाप ठाऊक नाहीत' इथे ती अडली. "ठाऊक नाहीत," ती स्वतःशीच म्हणाली. "कुणी विचारलंच नसेल."

"ओतिलियाबाई," डेल्फिनाने हाक मारली, "या पानाच्या दोन नकला द्या. शिक्का मारून."

त्यातली एक तिने स्वतः चार वाजायच्या आत मंडळात नेऊन दिली. मेस्तासांचं नाव यादीतून गेलं आणि त्या उन्हाळ्यात मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या. एलॉय त्यावर पुष्कळ बोलला. पण ते नंतरचं. ओतिलियाबाई शिक्का शोधायला आत गेल्या, तेव्हा खोलीत त्या दोघीच होत्या, आणि लूसिलने आयुष्यभर बाळगलेला एकच प्रश्न विचारला.

"तो मोठा झाला का गं?"

"त्याच्या मांडीवर खेळलेला माणूस अजून आमच्या घरी आहे," डेल्फिना म्हणाली. "चल, तो तुझीच वाट बघतोय असं समज."