तिसरा मुका

आईबरोबर आव्हिन्याँला राहायला गेलेल्या सोलीनला भेटायला तिचा बाबा, गाएल, पॅरिसहून आला. स्टेशनवरच लेकीने भेटल्यावर घ्यायच्या रीतीप्रमाणे त्याच्या गालांचे मुके घेतले, एक इकडे, एक तिकडे. तिसऱ्यासाठी तिने तोंड पुढे केलं, तोवर हा बॅग उचलायला वाकलासुद्धा.

"आमच्याकडे आव्हिन्याँला तीन घेतात, बाबा."

"काहीतरीच! आपल्याकडे दोन."

मग शनिवार-रविवार त्याने तिला नुसतं पळवलं. नदीवरचा तुटका पूल, पोपचा राजवाडा, तटबंदी. आइस्क्रीमसुद्धा चालता चालताच.

"जरा बसूया ना, बाबा. हे सगळं शाळेने दाखवलंय."

"माझ्याबरोबर कुठे बघितलंयस? चल चल, होडी सुटेल."

रविवारी संध्याकाळी परतीच्या गाडीच्या दारात तो लेकीसाठी खाली वाकला. इकडे एक झाला, तिकडे एक झाला. शिट्टी वाजली तरी हा आपला तिसऱ्यासाठी गाल पुढे करून तसाच थांबलेला.

सोलीन केव्हाच मागे सरकून, तिला न्यायला आलेल्या आईपाशी जाऊन उभी राहिली होती. हात हलवत ती हसून म्हणाली, "माझ्या लक्षात आहे हं, बाबा. तुमच्याकडे दोनच!"