राखणीचं स्टूल

सेरवाने स्टूल ओढलं आणि भावाच्या हातांसमोरच ठाण मांडलं. सुआमेच्या गॅरेजांत इंजिन बसवायला दिलं की मालक तिथून हलत नाही. पाठ वळली की चांगला भाग जातो आणि झिजलेला येतो. फिटर सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं?

तिचे हात तर आधीच पोळले होते. दोन वर्षांपूर्वी याच धाकट्या भावाने, ओबेंगने, तिच्या प्रवासी गाडीचं इंजिन नवा क्रँक घालून बांधून दिलं होतं. क्रँक म्हणजे इंजिनचा कणाच. इंजिन अजून उघडं असताना ओबेंग मक्याची केन्की खायला गेला, तेव्हा तिने कानशीने क्रँकवर आणि शेजारी इंजिनाच्या आतल्या भिंतीवरही शेपटी तुटलेला एकेक छोटा मासा कोरून ठेवला. ही खूण तिने नवऱ्यालाही सांगितली नाही.

दोन महिन्यांत इंजिन वाटेत जाम झालं. गाडी तिचा नवरा बोआडू चालवायचा. तो हात काळे करून घरी आला आणि म्हणाला, तुझ्या भावाने नवा क्रँक ढापून झिजलेला घातला होता, इंजिन भंगारात घालून आलो. सेरवा रात्रभर रडली. त्या दिवसापासून तिने भावाशी बोलणं टाकलं. आईच्या अंत्यविधीलाही दोघं दोन टोकांना बसली.

मग बोआडूने कुठूनसं आणलेलं इंजिनही आता संपलं. गाडी बंद म्हणजे चूल बंद. शेवटी मामाने मध्ये पडून भावाबहिणीला समोरासमोर बसवलं, आणि ओबेंग मजुरी न घेता इंजिन बसवायला कबूल झाला.

इंजिन मात्र सेरवाने स्वतः निवडलं. बोआडू शेजारच्या दुकानातल्या इंजिनासाठी अडून बसला होता, पण तिने त्याचं ऐकलं नाही. हे थेट जर्मनीहून आलंय, इथल्या कुणाचा पाना अजून लागलेला नाही, अशी दुकानदाराने शपथ घेतली होती.

"डोळा ठेव हं," बोआडू तिच्या कानाशी लागला. "एकदा खाल्लेलं तोंड आहे ते."

ओबेंगला ते ऐकू गेलं. "दाजी, तुम्हीही बसा की. एकाला दोन राखणदार बरे."

"बसायला वेळ कुणाला आहे? उघडतोस कशाला, सरळ चढव गाडीत."

"न उघडता चढवलं तर उद्या पुन्हा मीच चोर," ओबेंग म्हणाला, आणि त्याने इंजिनाचं तळाचं चेंबर सोडलं.

सेरवा वाकली. आतला क्रँक तेलाने माखला होता. तिने आपल्या कापडाच्या टोकाने तो पुसला, आणि तिचा हात थांबला.

शेपटी तुटलेला एक छोटा मासा. आणि शेजारी इंजिनाच्या भिंतीवर त्याचा जोडीदार.

ती उठली, स्टूल उचललं, फिरवलं, आणि नवऱ्याकडे तोंड करून बसली.